४-४ वर समोरच्यानं जंप स्टिक मागितली, मी नाही दिली. चुकलं का?

टॉवेलवाला

रविवारपासून डोक्यात हेच घोळतंय, म्हणून इथं टाकतो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका पूल पार्लरमध्ये आमची दर महिन्याला घरगुती स्पर्धा असते. एट-बॉल (आपले सगळे बॉल घालून शेवटी काळा घालायचा), आधी ५ फ्रेम म्हणजे डाव घेईल तो पुढं. टेबलाचं भाडं हरणाऱ्यांनी भरायचं आणि जिंकणाऱ्याला भजी, त्यामुळं कुणाचं घर बुडत नाही. माझी मॅच पडली बार्शीच्या एका पोराशी. विशीतला, इंजिनिअरिंगचा, एसटीनं आलेला. स्टिक स्वतःची, दोन तुकड्यांची, पण कव्हर म्हणजे जुन्या जीन्सचा एक पाय खालून शिवून केलेली पिशवी. मला ते आवडलं. माझी स्वतःची स्टिकही बरीच वर्षं आमच्याच कारखान्यातल्या सेकंड मालाच्या टॉवेलात गुंडाळलेली असायची.

तिसऱ्या फ्रेमला त्यानं ब्रेक, म्हणजे सगळे बॉल फोडायचा पहिला शॉट, मारला आणि स्टिकच्या टोकाला चिकटवलेली टिप उडून थेट पंख्याखालच्या खुर्चीत. उन्हात एसटीच्या टपाखाली तीन तास काढल्यावर डिंक धरणार तरी कसा. बिचारा पार्लरच्या स्टिका बघायला गेला. त्या स्टिका कशा असतात ते सगळ्यांना माहीत आहे. टेबलावर लोळवली की उंटासारखी चालते, टिप चपटी होऊन कडा बाहेर आलेल्या. माझ्या बॅगेत तीन असतात: रोजची, जुनी आणि जंपची तोकडी, म्हणजे मध्ये आलेल्या बॉलवरून पांढरा उडवायची. जुनी काढून दिली. ‘ब्रेक पार्लरच्या दांडीनं मार, बाकी हिच्यानं खेळ,’ एवढंच बोललो. टिपेला लावायचा चॉक आधीपासून माझाच चालू होता. एक सांगतो, पोरगं शिस्तीचं. दर वेळी चॉक लावला की तोंड वर करून कुशनच्या लाकडावर ठेवायचं. आमच्यातले दहा-दहा वर्षं खेळणारे पालथा ठेवतात, नाहीतर खिशात घालून घरी नेतात.

आणि मग माझ्याच स्टिकनं मला धुवायला लागलं. २-१ चे ४-४ झाले.

शेवटची फ्रेम. माझा पट्ट्यांचा एकच बॉल आणि काळा, त्याचा लाल ३ नंबर आणि काळा. मी सेफ्टी खेळलो, म्हणजे बॉल घालायचा सोडून त्याची वाट अडवली, आणि खोटं कशाला बोलू, आयुष्यात एवढी बरी सेफ्टी मी दोनदाच खेळलो असेन. पांढरा बॉल माझ्या पट्ट्याच्या मागं, मध्ये साधारण एक वीत अंतर, आणि त्याचा ३ नंबर पलीकडं खिशाच्या तोंडाशी. सरळ मार्ग बंद. तो दोनदा टेबलाभोवती फिरला, वाकून बघितलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, ‘काका, ती छोटी स्टिक द्या की.’

(मी ३८ चा आहे. काका.)

मी म्हणालो, ‘ती नाही देणार.’ त्यानं मान हलवली, कुशनवरून प्रयत्न केला, ३ नंबरला बोटभर चुकला. फाऊल, पांढरा माझ्या हातात, हवा तिथं ठेवून मी दोन्ही घातले. ५-४.

त्यानं हात मिळवला, जुनी स्टिक पुसून परत दिली, एसटी गाठायला गेला. बोलला काहीच नाही. बोलले ते माझेच दोस्त. ‘काय बे, एक स्टिक दिलास, दुसरी द्यायला काय झालं? सव्वाचार फ्रेमपर्यंतच कर्ण होतास का?’ भजी मी एकट्यानं खाल्ली म्हणा.

माझं म्हणणं असं. वडील पूर्व भागात कापडाच्या मागावर होते. शेजारच्या मागावरच्या माणसाची सुताची कांडी संपली तर आपली उचलून द्यायचे, कांडी बसवून आडवा फिरवायचा एखादा जादा धोटा पडला असेल तर तोही द्यायचे. पण चालू मागावरचा धोटा काढून कुणाला दिला नाही. मीही त्याचा खेळ बंद पडू नये म्हणून दिलं. मी घातलेलं कुलूप उघडायला किल्लीपण मीच द्यायची का?

तुमच्या टेबलावर काय चालतं ते सांगा.

पार्कचौक नाइनबॉल

अजिबात चुकलं नाही. जागतिक पूल संघटनेच्या नियमात खेळाडूला मॅचमध्ये स्टिक बदलायची मुभा आहे, ब्रेकची वेगळी, जंपची वेगळी, रोजची वेगळी. स्वतःचा चॉक आणता येतो, फक्त रंग कापडाला जुळता हवा. लांबच्या शॉटला स्टिक टेकवायच्या दांड्या, म्हणजे रेस्ट, एका वेळी दोनपर्यंत वापरता येतात. स्टिक कमीत कमी ४० इंच लांब हवी, जंपची असली तरी. पण समोरच्यानं मागितली तर द्या, असं कुठं लिहिलेलं नाही. तो जंप स्टिक आणायला विसरला हे त्याचं तयारीचं काम, जसं अँगल बघणं हे त्याचं काम.

रेस्ट मात्र अडवायची नाही. ती टेबलाची, दोघांची. आमच्याकडं एक महाशय रेस्ट स्वतःच्या खुर्चीला टेकवून बसतात, मागायला लावतात. असल्यांना काय म्हणायचं.

मार्करमामा

२२ वर्षं टेबलं सांभाळतोय, आधी स्नूकर, मग पूल आलं. स्नूकरमध्ये बॉलवरून पांढरा उडवणं हाच फाऊल, त्यामुळं आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. माझं स्पष्ट मत: जंप स्टिक कुणालाच देऊ नका, मित्राला पण नाही. देताना स्टिक तुमची असते पण कापड माझं असतंय. येत नसलेला माणूस दांडी सपाट धरून बॉलखाली खुपसतो. बॉल उडतो खरा, पण तो फाऊल आहे, स्टिक वरून खालीच यायला पाहिजे. आणि येत असलेला असेल तर पांढरे डाग पाडतो, एकाच जागी प्रॅक्टिस करून. ते डाग ब्रशनं जात नाहीत. माझ्या दोन नंबरच्या टेबलावर हेड स्पॉट नावाच्या खुणेच्या मागं नक्षत्रं दिसतील.

दुसरं सांगतो, ते जास्त महत्त्वाचं. द्यायच्या आधी दोघांनी मिळून टिप आणि फेरूल (टिपेखालचं कडं) बघायची. उजेडात, बोट फिरवून. एकदा एका भल्या माणसानं आपली स्नूकरची स्टिक पूल खेळायला दिली. ॲश लाकूड, पितळी फेरूल, टिप साडेनऊ मिलिमीटर. घेणाऱ्यानं जोरात ब्रेक मारला. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, पूलचा ५७ च्या वर, वजनानंपण भारी. टिप कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरली आणि फेरूल हलायला लागलं. मग सुरू झालं, आधीच ढिलं होतं, नाही तूच ढिलं केलंस. दोघं आजपण वेगवेगळ्या वारी येतात. टॉवेलवाल्यांनी ब्रेक पार्लरच्या दांडीनं मारायला सांगितलं ते मात्र शहाणपणाचं केलं.

जुळे सोलापूरची ताई

दादा, मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

तुमची जंप स्टिक पहिल्या फ्रेमपासून बॅगेतून डोकावत असणार. त्याच्याकडं तसली नाही हेही तुम्हाला दिसत होतं. तुम्ही सेफ्टी एक वीत अंतर ठेवून खेळलात, कारण समोरचा उडवू शकणार नाही याची खात्री होती. त्याच्याकडं जंप स्टिक असती तर तुम्ही पांढरा अगदी चिकटवायला बघितला असता. म्हणजे ती वस्तू तुम्ही न काढताही वापरलीत की. हे चूक आहे असं नाही, पण ‘माझ्या सेफ्टीचं कुलूप’ म्हणताना त्यात थोडं त्याच्या रिकाम्या पिशवीचंपण कौतुक धरा.

आमच्या ग्रुपमध्ये चारजणी आणि सहा मुलं आहोत. आम्ही ब्रेक कुणाचा हे ठरवतानाच बोलून घेतो: जंप स्टिक आज चालणार की नाही. चालणार असेल तर ती भिंतीला उभी, दोघांना खुली. नाहीतर बॅगेतच. मध्येच मागायचं नाही आणि मध्येच काढायचं नाही. त्यामुळं चालू शॉटला कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत बसत नाही. माझ्या मते त्या पोराची चूक एवढीच, की त्यानं वेळ चुकीची निवडली. तुमची पण तीच.

जाता जाता एक गाऱ्हाणं. न मागता देणाऱ्यांवर कुणीतरी लिहा. मी १९ औंसाची स्टिक वापरते, सवय आहे. दर दोन मॅचला एक तरी जण येऊन ‘ही घे, हलकी आहे, तुला बरी पडेल’ म्हणून स्वतःची हातात कोंबतो आणि मग त्या स्टिकबरोबर सल्ला फुकट. परवा तर एकानं स्वतःचा घामानं भिजलेला ग्लोव्ह काढून पुढं केला. मे महिन्यात. सोलापुरात.

पार्कचौक नाइनबॉल

ग्लोव्हचं वाचून जेवण गेलं नाही.

पण ताई, सगळं आधी ठरवायचं म्हटलं तर मॅचच्या आधी करारनामा करावा लागेल. रविवारी दुपारी चार पोरं खेळायला जमतात, स्टॅम्प पेपर घेऊन बसत नाहीत.

जुळे सोलापूरची ताई

एक वाक्य लागतं. ‘जंप आहे का आज?’ झालं.

टॉवेलवाला

सगळ्यांचे आभार. मामांचं वाचून जुन्या स्टिकचं फेरूल दिव्याखाली धरून बघितलं, ठणठणीत आहे. उलट पोरानं शाफ्ट पुसून दिल्यामुळं कधी नव्हे ती गुळगुळीत झालीय.

ताई, तुमचं म्हणणं टोचलं. एक वीत अंतर मी मुद्दाम ठेवलं नव्हतं, तेवढी माझी कुवत नाही. पण बॉल थांबल्यावर ‘अजून जवळ यायला पाहिजे होता’ असं मला वाटलंच नाही, हे खरं. तो उडवणार नाही हे मी धरूनच चाललो होतो.

आणि दोन दिवस विचार करून एक गोष्ट स्वतःशी कबूल केली. स्कोअर ४-१ असता तर मी हसत दिली असती. ‘घे बाळा, मार’ म्हणालो असतो, वर कशी धरायची ते पण दाखवलं असतं. म्हणजे धोट्याचं आणि कांडीचं जे मी वर लिहिलं ते सगळं खरंच आहे, पण त्या क्षणी ते माझ्या मनात नव्हतं. त्या क्षणी मनात भजी होती. वडिलांना मी नंतर बोलावून घेतलं.

तरीपण स्टिक दिली नाही याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते ‘ती नाही देणार’ या सुराचं. वसुलीवाल्यासारखा बोललो. ‘मॅच झाली की हिच्यावर दहा शॉट मारून बघ’ असं म्हणालो असतो तर तेवढंच नाही म्हणणं झालं असतं.

पुढच्या वेळी सुरुवातीलाच विचारणार, जंप आहे का आज. नसेल तर माझी पण बॅगेत.

हां, आणि काल त्या पोराचा मेसेज आला. मला वाटलं आता ऐकवणार. तर विचारतंय, ‘काका, टिप बसवून कुठं मिळेल, बार्शीत कुणी नाही.’ म्हटलं रविवारी सकाळची एसटी धर आणि शनिवारी रात्री जुना डिंक ब्लेडनं खरवडून ठेव. टिपा माझ्याकडं डब्यात आहेत. फेरूल सपाट घासायचं, चिकटवायचं आणि घट्ट बांधून ठेवायचं. घाई केली की परत पंख्याखाली. त्यामुळं स्टिक रात्रभर माझ्याकडंच राहील आणि तो माझ्या जुनीनं खेळेल, परत मला हरवायला.

मामा, टिप दाबून धरायचा तुमचा क्लॅम्प रविवारी मिळेल का?

मार्करमामा

मिळेल की. पण येताना टिप घासायचा माझा पॉलिश पेपर घेऊन या. गड्ड्याच्या जत्रेआधी नेलाय तुम्ही, ‘उद्या देतो’ म्हणून.