हिंडेनबुर्गची सही हवी की पत्र?

बोरू
"पत्रात काय लिहिलंय ते गौण. सही आणि सर्टिफिकेट असलं की हिंडेनबुर्ग फ्रेम करून भिंतीवर लावा." जुन्या जर्मन सेनानींची पत्रं जमवण्याबद्दल लिलावप्रेमींचा हा कालचा सल्ला वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

हिंडेनबुर्ग म्हणजे पहिल्या महायुद्धातला जर्मन फील्डमार्शल. त्याच्या छापील सहीची आभारपत्रं ढिगाने निघतात. सर्टिफिकेट बाजूला ठेवा, 10 पट भिंग घ्या. टाकाने केलेल्या सहीत उतरत्या रेघेवर दाब पडतो, टोक फाकतं आणि दोन्ही कडांना शाई गडद दिसते. छापील सही सपाट किंवा ठिपक्याठिपक्यांची. मग घडी बघा. तिथे शाई तंतूंत पसरली असेल तर कागद आधी दुमडला, सही नंतर झाली, म्हणजे संशयाला जागा. शेवटी 365 नॅनोमीटरचा टॉर्च. कागद निळाशार चमकला तर त्यात ब्राइटनर (कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन) आहे, म्हणजे कागद दुसऱ्या महायुद्धानंतरचा. चमकला नाही म्हणून खरा असंही नाही. जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून त्यांवर लिहिणारे कलाकार आहेतच.

लिलावप्रेमी
प्रयोगशाळा छान. पण कुरेंट, म्हणजे जर्मनांची जुनी हस्तलिपी, इथे किती जणांना वाचता येते? न वाचता येणाऱ्या मजकुराचे पैसे का मोजायचे? त्यातून निम्म्या वेळा मजकूर लेखनिकाचा नाहीतर टाइप केलेला, साहेबांची फक्त सही. म्हणजे तुम्हीही सहीच विकत घेता.

बोरू
म्हणून तर कॅटलॉगमध्ये 'आयगेनहेंडिग' (स्वहस्ते) शब्द शोधायचा. तो असेल तर मजकूरही त्याच हाताचा. आणि वाचता येत नसेल तर मोल्टके कोणता हे कसं ठरवणार? मोल्टके नावाचे प्रशियन सेनानी दोन, दोघेही हेल्मुट. काका 1891 मध्ये वारले, पुतण्या 1906 मध्ये जनरल स्टाफचा प्रमुख झाला. पत्रावरची 1895 ची तारीख वाचता आली नाही की पुतण्याचं पत्र काकांच्या भावाने घरी आणाल. (श्लेष आपोआप झाला.)

मोडीवेडा
कुरेंट किंवा झ्युटरलीन म्हणजे जर्मनांची मोडीच. सराव केला की येते.

कानामात्रा
दोन चुका. झ्युटरलीन 1911 ची, प्रशियन शाळांत आली 1915 पासून. 1847 साली जन्मलेल्या हिंडेनबुर्गला ती कोण शिकवणार? आणि मोडीची अडचण वेगळी. तिथे हात न उचलता लिहितात, ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. कुरेंटमध्ये रोमन ई हे अक्षर एनसारखं दोन काड्यांचं, आणि यू ओळखायचा तो डोक्यावरच्या चंद्रकोरीवरून.

मोडीवेडा
'दिन' की 'दीन' हेही संदर्भानेच लागतं, तसंच ते. पण इथे पुण्यात पेशवे दफ्तराचे रुमाल (मोडी कागदांचे गठ्ठे) वाचकांअभावी पडून आहेत आणि आपण प्रशियन जनरलांच्या काड्या मोजतोय!

कानामात्रा
आलं! धागा कशावरही असो, यांचं दफ्तर सुटणारच. वेगळा धागा काढा ना.

मोडीवेडा
संबंध आहे म्हणून बोलतोय. तुर्की फौजेचं नेतृत्व करणारा जर्मन फील्डमार्शल फॉन डेर गोल्ट्झ एप्रिल 1916 मध्ये बगदादला वारला. तेव्हा त्याच्या फौजेने इराकमधल्या कूटला वेढलेली होती ती ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची, मराठा पलटणींसकट पूना डिव्हिजन. त्या महिन्यांतलं त्याचं पत्र मिळालं तर तिथेही मजकूर 'गौण' का?

कानामात्रा
हे बरोबर. आधीच सांगितलं असतं तर माझे चार शब्द वाचले असते.

बोरू
प्रशियन लष्कराचं दफ्तर पॉट्सडामला होतं, एप्रिल 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. बव्हेरियाचं म्युनिकला वाचलं. म्हणून प्रशियन अधिकाऱ्याच्या खासगी पत्रातल्या चार ओळींनाही किंमत आहे.

लिलावप्रेमी
बरं बाबा, पुढचं पत्र मजकूर बघून घेईन. फ्रेम मात्र करणारच.

बोरू
करा. आघाडीवरची पुष्कळ पत्रं कॉपिंग पेन्सिलीची (ओल लागली की शाईसारखी होणाऱ्या शिशाची) असतात. मुंबईच्या जुलैत काचेला आतून घाम आला की करडी अक्षरं जांभळी होऊन पसरतील, आणि ते परत निघत नाही. पत्र पॉलिएस्टरच्या पाकिटात, सपाट, अंधारात ठेवा. पीव्हीसी नको, सेलोटेप नको. लॅमिनेशनचं नाव काढाल तर धागा सोडून घरी येईन. भिंतीवर रंगीत झेरॉक्स लावा.

लिलावप्रेमी
ठीक आहे, झेरॉक्स लावतो. शेजारी सर्टिफिकेट ओरिजिनल लावतो, त्याला ओल लागली तरी चालेल ना?