'थोडंसं' म्हणायला स्लाइटली पुरे आहे का?

पाटीपेन्सिल: मराठी माध्यमातल्या मुलांना 'थोडंसं'साठी स्लाइटली, अ बिट, अ लिटल, समव्हॉट, रादर अशी जंत्री एकदम देऊ नये. आधी एकटा स्लाइटली पक्का करून घ्या. तो विशेषणाआधी बसतो, तुलनेतही बसतो (स्लाइटली बेटर) आणि क्रियापदानंतरही: प्राइसेस रोज स्लाइटली (किमती किंचित वाढल्या). शिवाय 'अ स्लाइटली डिफरंट प्लॅन' बरोबर आहे, 'अ बिट डिफरंट प्लॅन' चूक. पुढे नाम आलं की अ बिट तिथे चालत नाही.

उंबरठा: अजिबात पटलं नाही. स्लाइटली प्रमाण सांगतो, अ बिट समोरच्याला सांभाळून घेतो. 'इट्स अ बिट एक्स्पेन्सिव्ह' म्हणजे बहुतेक वेळा 'महाग आहे, परवडणार नाही'. ब्रिटिश तोंडी तर अ बिटचा अर्थ फार मोठा होतो. कोरियाच्या युद्धात, एप्रिल १९५१ मध्ये इम्जिन नदीवर ग्लॉस्टरशर रेजिमेंट चिनी वेढ्यात सापडली होती. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकी जनरलला 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर' (परिस्थिती जरा बिकट आहे) असं कळवलं, असं सांगतात. अमेरिकी जनरलला वाटलं, अडचण आहे पण निभेल. हा फरक 'नंतर कधीतरी' शिकवायचा नसतो.

तिसरा बाक: तुम्ही दोघंही विशेषणांतच अडकलात. खऱ्या चुका नामाशी होतात. 'स्लाइटली वॉटर' होतच नाही. अ लिटल वॉटर किंवा अ बिट ऑफ वॉटर. आणि मराठीत आर्टिकल नसल्यामुळे मुलं 'अ' गाळतात, तिथे अर्थच उलटतो. 'आय हॅव अ लिटल मनी' म्हणजे थोडे पैसे आहेत, 'आय हॅव लिटल मनी' म्हणजे जवळजवळ नाहीतच. फ्यू आणि अ फ्यूचं तेच. नकारात आणखी गंमत आहे: नॉट अ बिट म्हणजे मुळीच नाही, नॉट अ लिटल म्हणजे बरंच!

पाटीपेन्सिल: नामाचा मुद्दा मान्य, पण तो धडा वेगळा ठेवावा. लेखनात मी स्लाइटली सोडणार नाही. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, अ‍ॅकॅडेमिक प्रकारातल्या पहिल्या लेखनात आलेखाचं वर्णन किमान १५० शब्दांत, साधारण २० मिनिटांत करायचं असतं. तिथे अ बिट फार बोलभाषेतला वाटतो. 'अ स्लाइट इन्क्रीज' किंवा 'इन्क्रीज्ड स्लाइटली' लिहावं, आणि लगेच आकडा द्यावा: ४२ वरून ४३ टक्के. आकडा नसेल तर स्लाइटली म्हणजे किती, ते वाचणाऱ्याने कसं ठरवायचं?

उंबरठा: परीक्षेपुरतं ठीक. पण मराठीतला 'जरा' कुठे नेणार? 'जरा थांबा'चं 'स्लाइटली वेट' करणारे आहेत. तिथे 'वेट अ बिट' किंवा 'जस्ट अ मिनिट'. हा जरा प्रमाणाचा नाहीच, विनंतीचा आहे.

काठपदर: यादीत रादर आहे म्हणून सांगते, तो 'थोडंसं'च्या बराच वर आहे, 'बऱ्यापैकी'च्या जवळ. रादर बेटर चालतं, फेअर्ली बेटर चालत नाही. क्वाइट बेटर फक्त आजारातून पूर्ण बरं झालेल्याबद्दल. आणि 'क्वाइट गुड' ब्रिटनमध्ये अनेकदा 'ठीकठाक', अमेरिकेत मात्र कौतुक. म्हणून लंडनला जाणाऱ्या शिफारसपत्रात तो शब्द नकोच. सरळ 'व्हेरी गुड' लिहा.