बिडाच्या तव्यावर घावन चिकटतं, बिडाच्या कढईत ब्रेड खालून करपतो

काजूफांदी
बिडाचा (ओतीव लोखंडाचा) 28 सेंमी तवा आणि झाकणाची 4 लिटरची बिडाची कढई नवीन घेतली आहे. तव्यावर घावन मधोमध चिकटतं, कडा मात्र सुटतात. तवा मुरावा म्हणून सूर्यफूल तेलाचे चार हात देऊन गॅसवर तापवला, तर तो काळा व्हायच्या ऐवजी तपकिरी झाला आणि बोटाला चिकटतोय.

दुसरं, कढईतला ब्रेड. 400 ग्रॅम मैदा, 320 मिली पाणी, 8 ग्रॅम मीठ, 1 टीस्पून इन्स्टंट यीस्ट, रात्रभर ओट्यावर. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) 230 अंशांवर, झाकून 30 मिनिटं, उघडं 15 मिनिटं. ब्रेड चपटा होतो, बूड करपतं आणि आत चिकट राहतं. काय बदलू?

नारळाची शेंडी
आधी तव्याचं. चिकटपणा म्हणजे अर्धवट सुकलेलं तेल. तव्यावर तेल नुसतं बसत नाही, तापून त्याचा रंगासारखा कडक पापुद्रा होतो, आणि तो पातळ थरातच नीट होतो. जाड थर वरून आळतो, आत ओला राहतो.

तवा आत्ता टाकून देण्यासारखा नाही. रिकामा उपडा ओटीजीमध्ये 230 ला तासभर ठेवा, बराचसा चिकटपणा तिथेच जातो. उरला तर गरम पाणी, साबण आणि काथ्याने घासा. लगेच पुसून मंद आचेवर 5 मिनिटं कोरडा करा. मग कोमट तव्याला अर्धा चमचा तेल सगळीकडे चोळा, दांडा आणि पाठसुद्धा. आता कोरडं फडकं घेऊन ते तेल चुकून लागलं होतं असं समजून पुसून काढा. तवा जेमतेम ओलसर दिसला पाहिजे, चकाकता नाही. परत उपडा, 230 ला 1 तास, आतच गार होऊ द्या. असं तीनदा. गॅसवर मधलाच भाग तापतो, म्हणून तुमच्या तव्याला सगळीकडे सारखा हात बसला नाही.

घावन मधोमध चिकटण्याचं एक कारण तेच. दुसरं कारण घाई. बीड जड असतं आणि त्यात उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा खूपच हळू पसरते. मोठ्या आचेवर बर्नरच्या वर तवा धुमसतो आणि कडा थंड असतात. मंद-मध्यम आचेवर 8 ते 10 मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब पडताच चर्र होऊन एक-दोन सेकंदांत उडाला की तवा तयार. थेंब गोळी होऊन नाचत पळाला तर जास्त तापलाय, आच कमी करून दोन मिनिटं थांबा. तेल वांग्याच्या देठाने किंवा अर्ध्या कांद्याने फिरवा, ओतू नका. पीठ ताकाइतकं पातळ हवं आणि प्रत्येक घावनाआधी तळापासून ढवळायला हवं, कारण तांदळाचं पीठ खाली बसतं. शेवटची घावनं जाड होऊन चिकटतात ती यामुळेच. कडा आपोआप वर येईपर्यंत कालथा लावू नका.

खमीर
ब्रेडचं बघू. 400 ला 320 म्हणजे 80 टक्के पाणी. परदेशी ब्रेडच्या पिठाला ते चालतं, आपला नेहमीचा मैदा तेवढं धरत नाही. 270 मिलीवर या. यीस्टही फार आहे. 28-30 अंशांच्या स्वयंपाकघरात 1 टीस्पून यीस्टचं पीठ रात्रभरात फुगून, खचून, आंबून जातं. चपटेपणा तिथून येतो. पाव टीस्पून घ्या आणि 7 तासांनी बघा: दुप्पट झालेलं, वर बुडबुडे, पण मध्ये खड्डा नाही. रात्रभरच ठेवायचं तर तासभर बाहेर, मग फ्रीजमध्ये.

सकाळी चारही बाजू आत दुमडून गोळा ताणून घट्ट करा, 40 मिनिटं ठेवा (फ्रीजमधला असेल तर दीड तास). तेवढ्यात कढई झाकणासकट ओटीजीत तापू दे. झाकणाची मूठ प्लास्टिकची नाही ना, हे आधी बघा. ब्लेडने 1 सेंमी खोल चीर द्या. कोंडलेली वाफ गोळ्याचं वरचं आवरण ओलं ठेवते, म्हणून तो फुगू शकतो. झाकण फार लवकर उघडलं की साल लवकर कडक होते आणि ब्रेड पुरेसा फुगत नाही. उघडताना झाकण स्वतःपासून लांबच्या बाजूने उचला.

बूड करपतं कारण ओटीजीचा खालचा रॉड थेट बिडावर तापतो. सगळ्यात खालच्या खाचेत एक रिकामा ट्रे सरकवा, कढई त्याच्या वरच्या जाळीवर. कढईत एक मोठा चमचा जाडा रवा भुरभुरवून त्यावर गोळा ठेवा. साधा बटर पेपर या उष्णतेला करपतो.

आत चिकट वाटतो तो बहुतेक गरम कापल्यामुळे. खालून ठोकल्यावर पोकळ आवाज यावा, थर्मामीटर असेल तर मध्यभागी 96 अंश. मग बाहेर काढून जाळीवर किमान दीड तास गार होऊ द्या, नंतरच कापा.

काजूफांदी
रवा आणि ट्रे लगेच करून बघते. याच कढईत कोकमाची आमटी केली तर चालेल? आणि मुरवायला जवसाचं तेल चांगलं म्हणतात, ते आणू का?

तापलेलं बीड
आमटी नको. कोकम, चिंच, टोमॅटो उकळत राहिले की थर खातात, रस काळपट होतो आणि लोखंडाची चव येते. फोडणीत एखादा टोमॅटो परतला तर बिघडत नाही. पण शिजलेलं काहीच बिडात ठेवू नका, जेवण झालं की भांड्यात काढा.

जवसाचा थर कडक होतो, पण पुष्कळदा पापुद्रे निघतात. घरातलं सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेलच पुरे.

साबणाला घाबरू नका, पक्का झालेला थर भांडी घासायच्या साबणाने जात नाही. भिजत घालणं मात्र वाईट, अर्ध्या तासात तांबूस डाग दिसतात. तसा गंज आलाच तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी लावून फार तर अर्धा तास, घासा, धुवा, लगेच तापवून तेलाचा हात. तापलेला तवा नळाखाली कधीही धरू नका, बीड तडकतं आणि तडकलेलं घरी जोडता येत नाही.