घर सोडून पळणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या: पोरांच्या हाती द्याव्यात का?

माहीमकर: भाची नववीत आहे. तिच्या दप्तरात सध्या एकाच साच्यातली इंग्रजी पुस्तकं. वर्गात कुणाशी न पटणारा मुलगा, ढिम्म आईबाप, मग एका रात्री पाठीला सॅक आणि पोबारा. पुढे दिलदार मित्र, शेकोटी, गिटार. आपण मुंबईकर सीएसएमटीवर उतरलेली पोरं बघतो. कुठली गिटार आणि कुठलं काय! या वयात हे गोड करून विकू नये.

शुभदा डोंबिवली: पुस्तक वाचून कोण पळतं हो? मार खाऊन पळतात, निकालाला घाबरून पळतात. एस. ई. हिंटन यांची 'द आऊटसायडर्स' १९६७ साली आली, तेव्हा लेखिका अवघी अठरा वर्षांची. त्यातला पोनीबॉय थोरल्या भावाने थोबाडीत मारली म्हणून घराबाहेर पडतो. त्याच रात्री मित्राच्या हातून खून होतो, दोघं एका ओसाड चर्चमध्ये लपतात. मित्र शेवटी मरतो. यात गोड काय दिसलं?

माहीमकर: ते एक झालं. बाकीची वाचा आणि मग बोला.

फलाट अठरा: मी स्टेशनवर अशा मुलांसोबत काम करते. सॅक बहुतेकांकडे नसतेच. अंगावरचे कपडे, बंद पडलेला मोबाईल. नाव विचारलं की खोटं सांगतात, "जेवलास का?" विचारलं की गप्प होतात. मग १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे. माझी तक्रार वेगळीच आहे. लेखक पळण्याची रात्र पन्नास पानं रंगवतात आणि परतणं एका पानात उरकतात. वडील न्यायला येतात, "आता हात लावणार नाही" असं समितीला सांगतात आणि मुलगा त्यांच्या बुटांकडे बघत बसतो. हे प्रकरण मला अजून कुठल्या कादंबरीत सापडलेलं नाही.

माहीमकर: तसं पुस्तक आलं तर मी स्वतः विकत घेऊन देईन. तोवर नाही.

शुभदा डोंबिवली: तुम्ही नाही दिलंत तर मोबाईलवर वाचेल. निदान विचारा तरी तिला, त्या मुलाच्या घरात काय बिनसलं होतं म्हणून.

माहीमकर: विचारलं. "मामा, शेवट फोडायला लावू नकोस" म्हणाली.