पुसलेलं परत दिसलं: कॅन्सरनंतर टॅबवर काढलेली चित्रं. तुमचे अनुभव लिहा

निळीशाई
जुना टॅब चुलतभावाला द्यायचा म्हणून काल रिकामा करायला बसले, तर आत माझी सतराव्या वर्षातली १४३ चित्रं. लिम्फोमाची केमो संपून तेव्हा चार महिने झाले होते. केस येत होते (गेले सरळ, आले कुरळे), जो तो म्हणत होता सुटलीस एकदाची, आणि मी रोज संध्याकाळी काही कारण नसताना रडायचे. ट्रीटमेंट चालू असताना इतकी कधी रडले नव्हते. मग आठवड्यातून एकदा आर्ट थेरपिस्ट ताईंशी व्हिडिओ कॉल सुरू झाला. ताई शिकवायच्या नाहीत, छान आहे असंही म्हणायच्या नाहीत. नुसतं विचारायच्या, "हा कोपरा रिकामा का ठेवलास?"

त्यातलं एक चित्र घरात सगळ्यांचं लाडकं. खिडकी आणि बाहेर झाड, बस. काल सहज त्याचं रेकॉर्डिंग चालवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काही अॅप्समध्ये आपण काढताना प्रत्येक रेघ साठवली जाते आणि नंतर भरभर पळवून बघता येते. तर सुरुवातीला खिडकी नाहीच. सलाइनचा स्टँड आहे, पिशवी आहे, नळी आहे, नळी छातीतल्या पोर्टला (केमो द्यायला कातडीखाली बसवतात ते) जातेय, पलंगावर मी आहे, टक्कल. मग एकेक करून सगळं पुसलंय आणि स्टँडच्याच जागी झाड आलंय. हे मी काढलं होतं याची मला काडीची आठवण नाही.

रात्री झोप नाही लागली. तुमचंही लिहा. स्वतःचं, भावंडाचं, मुलाचं, कुणाचंही.

चष्मिष
हपीसात वाचायला नको होतं. आता वॉशरूममध्ये उभी आहे.

एकटा_जीव
रुमाल टाकून ठेवतो. गुरुवारी स्कॅन आहे, झाला की लिहितो.

ओवीची_आई
माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. विनक्रिस्टीन या केमोच्या औषधाने बोटांत मुंग्या, पेन्सिल धरली की गळून पडायची. आधी वर्गात चित्रकलेत पहिला येणारा पोरगा, त्यामुळे कागद बघितला की चिडायचा. टॅबवर निदान दाबावं लागत नाही, नुसतं बोट टेकलं तरी रेघ उमटते. मी शहाणपणा करून सेटिंगमध्ये जाऊन रेघ सरळ करणारं ते स्टॅबिलायझर का काय ते चालू करून दिलं. हात थरथरला तरी रेघ गुळगुळीत. मला वाटलं खूश होईल. दोन मिनिटं काढलं आणि म्हणाला, "आई, ही माझी रेघ नाहीये." बंद करायला लावलं. मग थरथरत्या रेघांचीच चित्रं काढली, वर्षभर. केस, ढग, कुत्रा, सगळं थरथरतंय.
पुढे हात बराच सुधारला. आता सरळ काढतो, पण कुत्रा मुद्दाम तसाच काढतो.
बाकी नंतर, धाकटी उठली.

निळीशाई
"ही माझी रेघ नाहीये" 😭 ओवीची आई, त्याला माझा नमस्कार सांगा.

खडूस_काका
सर्व मान्य, पण कागदाची सर स्क्रीनला नाही. कागदावर खोडलेलंही दिसतं, त्यासाठी रेकॉर्डिंग लागत नाही.

पांढरा_बूट
काका, मी नर्स आहे. बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात. तेव्हा चारचौघांनी हाताळलेले ब्रश, माती, जुनी रंगपेटी आम्ही आत जाऊ देत नाही. टॅब मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुसून देता येतो. त्या खोलीत आठवडेच्या आठवडे एकटं राहायचं असतं पोरांना. सर नसेल, पण आत जातो तो टॅबच.
आणि एक. नातेवाईक टॅब हातात कोंबून "काढ ना काहीतरी छान" म्हणतात, ते नका करू. त्याला उलटी होतेय, तोंड सोलवटलंय आणि तुम्हाला छान पाहिजे! विचारा, नाही म्हणाला तर बाजूला ठेवा.

खडूस_काका
हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

चष्मिष
काकांनी शब्द मागे घेतले! तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

गेमर_१९
मला काहीच उपयोग झाला नाही, तेही लिहितो. स्क्रीनकडे बघितलं की मळमळायचं. थेरपिस्ट चांगली होती पण मला "तुझा राग कोणत्या रंगाचा" वगैरे प्रश्नांचाच राग यायचा. तीन कॉलनंतर बंद केलं. मित्राबरोबर ऑनलाइन गेम खेळायचो, तो मला हरवायचा, आजारी म्हणून सोडायचा नाही. तीच माझी थेरपी.

मनकवडी
गेमर, एकदम बरोबर केलंस. मी समुपदेशक आहे (आर्ट थेरपिस्ट नाही, पण एकत्र काम करतो), जरा लांबण लावते.
'आर्ट थेरपी' हा शब्द एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ मध्ये आणला असं मानतात. तो क्षयरोगाच्या सॅनटोरियममध्ये पडून होता आणि पडल्या पडल्या चित्रं काढताना त्याच्या लक्षात आलं. म्हणजे उगमच आजारपणाच्या पलंगावर. पण चित्र काढून बरं वाटणं वेगळं आणि थेरपी वेगळी. थेरपीत समोर प्रशिक्षित माणूस असतो, आणि चित्र काढून झाल्यावर त्याच्याबद्दल जे बोलणं होतं, किंवा होत नाही, त्यालाही महत्त्व असतं. रंगावरून मनातलं ओळखणं वगैरे जे फिरतं ते सोडून द्या. काळा रंग म्हणजे नैराश्य असं काही नसतं. कधी कधी हाताशी काळाच रंग सापडतो, बस 😄
चिंता, भीती थोडी कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, पण ते अभ्यास बहुतेक लहान आहेत. सगळ्यांना लागू पडतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि झोप, भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल तर नुसत्या अॅपवर थांबू नका, डॉक्टरांशी बोला.

तीन_ठिपके
रेडिएशनसाठी माझ्या छातीवर तीन ठिपके गोंदलेत. मशीन रोज त्याच जागी लावायला खूण. ट्रीटमेंट संपली तरी ते जात नाहीत. आंघोळ करताना मी तिकडे बघायचेच नाही. थेरपिस्टने सुचवलं, फोटो काढ, वर वेगळा लेयर (पारदर्शक थर) घे आणि पाहिजे ते काढ, फोटोला धक्का लागत नाही. मी ते ठिपके जोडून पतंग काढला. दुसऱ्या दिवशी बगळा. मग एक अत्यंत असभ्य गोष्ट. असे एकवीस लेयर झाले. बंद करायचे, चालू करायचे.
आता विनोद ऐका. टॅब घरच्यांच्या खात्याला जोडलेला. फोटो आपोआप वर चढतात हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी सगळे टीव्हीसमोर बसलेले, टीव्हीवर फोटोंचा स्लाइडशो, आणि अचानक माझी छाती, वर बगळा. बाबा उठून आत गेले. आजी म्हणाली, "बगळ्याचे पाय आखूड झालेत."
तर बायांनो, आधी सिंक बंद करा.

ओवीची_आई
आजी 🙏🙏 दंडवत

निळीशाई
मी हसून हसून रडले. ती असभ्य गोष्ट आजीने बघितली का?

तीन_ठिपके
तो लेयर बंद होता. देव आहे.

धाकटा
मी भाऊ आहे, पेशंट नाही. चालेल ना? दीदीला केमोचं ते लाल औषध होतं, डॉक्सोरुबिसिन. नंतर लघवीसुद्धा लाल होते, तेव्हा घरात केवढा गोंधळ झालेला (आधी सांगितलं होतं, आम्ही विसरलो). दीदीने सिरिंजचा फोटो काढला, अॅपमध्ये टाकला आणि त्या रंग उचलायच्या ड्रॉपरने नेमका तोच लाल उचलला. मग पूर्ण चित्र त्या एका रंगात. त्यात मी पण होतो, दाराच्या फटीतून बघणारा. मला वाटायचं तिला माहीत नाही मी तिथे उभा असतो ते.
आज ती नोकरी करते, मजेत आहे. तो लाल अजून घालत नाही. आम्ही यावर कधी बोललो नाही. या धाग्याची लिंक पाठवू का तिला, कळत नाही.

पांढरा_बूट
चालेल काय विचारतोस. भावंडांना कुणी विचारतच नाही.

मनकवडी
धाकटा, लिंकऐवजी ते चित्र अजून आहे का एवढंच विचारून बघ.

खडूस_काका
अवांतर: फ्रेंच चित्रकार मातिसला १९४१ मध्ये पोटाच्या कॅन्सरसाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. नंतर ईझलपुढे उभं राहवेना, तर खुर्चीत नाही तर पलंगावर बसून रंगवलेले कागद कात्रीने कापायचा, मदतनीस भिंतीवर लावायचे. म्हणजे साधन बदललं. आज असता तर टॅब घेतला असता, हे मीच म्हणतोय.

गेमर_१९
काका आज फॉर्मात

चष्मिष
अवांतरात अवांतर: 'सर्व्हायव्हर'ला मराठीत काय म्हणायचं? 'कर्करोगविजेता' ऐकलं की बक्षीस समारंभ वाटतो.

तीन_ठिपके
'योद्धा' तर नकोच. मी पडून होते, लढत डॉक्टर होते.

गेमर_१९
माझा फॉर्म भरताना आई 'आता बरा आहे' लिहायची. रकाना कुठलाही असो.

निळीशाई
'आता बरी आहे' घेतलं मी. 'आता' सकट.

नवीनपाखरू
मुलगी १५, ट्रीटमेंट मागच्या महिन्यात संपली. दार लावून बसते. कोणतं अॅप, कोणता पेन घेऊ? महागडा घ्यावा लागतो का?

ओवीची_आई
अजिबात नाही. आमचं पहिलं वर्ष बोटानेच गेलं. क्रिटा फुकट आहे, आयबिस पेंटची साधी आवृत्तीपण, त्यात रेकॉर्डिंगही होतं. स्क्रीनवर खरखरीत फिल्म लावा, पेन घसरत नाही. आणि ती काढत असताना मागून बघू नका. मी बघायचे, फार चुकलं माझं.

मनकवडी
आणि ट्रीटमेंट संपल्यावर दार लावून बसणं बऱ्याच जणांचं होतं. इतके महिने कुणीतरी रोज तपासत असतं, ते एकदम थांबतं. फॉलोअपला जाल तेव्हा हॉस्पिटलच्या टीमला हे नक्की सांगा.

नवीनपाखरू
धन्यवाद सगळ्यांना. तिला आत्ता दाराबाहेरून विचारलं. "बघू" म्हणाली.

पांढरा_बूट
पंधराव्या वर्षी 'बघू' म्हणजे हो.

धाकटा
विचारलं. म्हणाली, "आहे. तू दारात होतास ते पण आहे." पुढे काही नाही लिहिलं. मग एक स्टिकर पाठवला, बेडकाचा.

एकटा_जीव
स्कॅन झाला. रिपोर्ट सोमवारी. लिहीन म्हणालो होतो पण लिहायला जमत नाहीये. हे वेटिंग रूममध्ये मोबाइलवर बोटाने काढलं, ते देतो. चढत नाहीये पण, साइज मोठी आहे म्हणतंय.

तीन_ठिपके
स्क्रीनशॉट काढ आणि तोच टाक.

एकटा_जीव
तेही नाही होत.

गेमर_१९
जेपीजी करून निम्म्यावर आण. एक्स्पोर्टमध्ये खाली असतं. थांब, पर्सनल मेसेज करतो, इथे आहे मी.