जावेद अबिदींची आठवण काढायची ती कशी?

गोदाकाठ:
अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी ४ मार्च २०१८ ला गेले, तेव्हा त्यांचं वय ५२ होतं. अलीगढचा जन्म, जन्मापासून मणक्याचा आजार, मग चाकाची खुर्ची, अमेरिकेत पत्रकारितेचं शिक्षण, १९८९ मध्ये मायदेशी परत. त्यांच्यावरचे बहुतेक लेख इथेच थांबतात आणि 'अपंगत्वावर मात' असं शीर्षक देऊन मोकळे होतात. मला ते मनापासून खटकतं. या माणसाने आजारावर मात केली म्हणून नव्हे, सरकारला कामाला लावलं म्हणून त्याची आठवण ठेवायला हवी.

१९९५ च्या हिवाळी अधिवेशनात अपंगांच्या हक्कांचं विधेयक तसंच पडून राहण्याची चिन्हं होती. १९ डिसेंबरला अबिदी आणि त्यांच्या डिसेबल्ड राइट्स ग्रुप या गटाचे लोक दिल्लीत रस्त्यावर उतरले. २२ तारखेला विधेयक मंजूर झालं. १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. तो २००१ च्या जनगणनेत यावा म्हणून पुन्हा झगडावं लागलं, तेव्हा कुठे २ कोटी १९ लाख माणसं सरकारच्या कागदावर आली. ज्यांची मोजदादच नाही, त्यांच्यासाठी पैसा कोण ठेवणार?

पायवाट:
असहमत. अबिदींबद्दल आदर आहे, पण ही सगळी दिल्लीची गोष्ट झाली. त्यांचा गाजलेला खटला कशावर होता? विमानप्रवासावर! १९९८ च्या निकालाने ८० टक्के आणि त्याहून जास्त अस्थिव्यंग असणाऱ्यांना इंडियन एअरलाइन्सच्या तिकिटात सवलत मिळाली. त्या काळी खेड्यातल्या किती अपंगांनी विमान आतून पाहिलं होतं?

कोल्हापुरात नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर. त्यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. मुलांच्या राहण्याची सोय केली, त्यांना शिकवलं, हाताला काम दिलं. ज्या मुलीला घरातून बाहेर काढायला कुणी तयार नव्हतं, तिच्यासाठी कलम महत्त्वाचं की वसतिगृहातली खाट? समाजात राहून केलेलं असं काम मला थोर वाटतं, आणि स्मरण त्याचं आधी व्हावं.

गोदाकाठ:
पायवाट, खटल्याचं निम्मंच सांगितलंत. त्याच याचिकेत कायद्याखालच्या समन्वय समित्या नेमल्याच नाहीत, ही तक्रारही होती. कायदा होऊन दोन वर्षं उलटली तरी त्याची यंत्रणा उभी नव्हती. केंद्राची आणि राज्यांची, दोन्हीकडची. शिवाय विमानात चढताना माणसाला उचलून न्यावं लागू नये, ही मागणी चैनीची कशी? नसीमादीदींच्या कामाबद्दल दुमत नाहीच. पण वसतिगृहातून शिकून निघालेल्या मुलीला पुढे कॉलेजच्या पायऱ्या लागतात. तिथे संस्था पुरी पडत नाही.

सांजसावली:
मी कुबड्यांवर चालते, म्हणून लिहिते. पूर्वी मतदानाला गेले की चार पायऱ्यांपाशी दोन अनोळखी पुरुष मला उचलायचे. मदतच करायचे बिचारे, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काही वेळा त्यापायी गेलेच नाही. २००४ मध्ये अबिदींच्या गटाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि मतदान केंद्रांवर लाकडी रॅम्प लावण्याचे आदेश निघाले. आमच्याकडे रॅम्प यायला पुढे बरीच वर्षं गेली. पण आला, आणि मी माझ्या पायांनी आत गेले. पायवाटदादा, ही दिल्लीची गोष्ट नाही हो.

उंबरठा:
+१ सांजसावलीताईंना. तरीही एक गोष्ट लपवू नये. १९९५ च्या कायद्याच्या जागी येणाऱ्या २०१४ च्या नव्या विधेयकावरून चळवळ दुभंगली होती. मसुदा पातळ झालाय, तो येऊच नये, असं अनेक कार्यकर्ते म्हणत होते. अबिदी म्हणत होते, निवडणुकीआधी होऊ द्या, पुढे सुधारू. या घाईवर त्यांच्याच सहकाऱ्यांनी कडक टीका केली, आणि ती मला रास्त वाटते. तो कायदा शेवटी २०१६ मध्ये झाला, त्यातही कलम ३ (३) राहिलंच. 'वैध उद्दिष्टासाठी योग्य प्रमाणात' असेल तर भेदभाव चालतो, असा त्याचा अर्थ. एवढी मोठी पळवाट हक्कांच्या कायद्यात असावी? श्रद्धांजलीत हेही लिहा.

गोदाकाठ:
लिहायलाच हवं. पळवाटेबद्दल तुमच्याशी सहमत, घाईबद्दल नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ मध्ये २१ झाले. थॅलेसीमिया, ॲसिड हल्ल्यातल्या पीडिता, पार्किन्सन्स हे सगळे आधी कायद्याबाहेर होते. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ वर आलं. परिपूर्ण मसुद्याची वाट पाहत बसायचं, तर या लोकांनी आणखी किती वर्षं थांबायचं होतं?

पायवाट:
सांजसावलीताई, तुमचं पटलं. मतदानाबद्दल माझा आक्षेप मागे घेतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे अपंगांना सहज वावरता येतील अशा, व्हायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगमतेचे नियम ऐच्छिक सूचनांसारखे चालणार नाहीत, ते बंधनकारक करा. कायद्यानंतर आठ वर्षांनी! याला तुम्ही यश म्हणता?

सांजसावली:
यश नाही म्हणत. पण तो निकाल त्याच कायद्याच्या आधाराने आला ना? कायदा नसता तर न्यायालयात काय घेऊन गेलो असतो आपण?

उंबरठा:
पायवाट, इमारतींबद्दल राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, कार्यालय पुण्यात आहे. आयुक्त फक्त शिफारस करतात, हे खरं. पण ती मान्य नसेल तर संबंधित खात्याला तीन महिन्यांत लेखी कारण द्यावं लागतं आणि तक्रारदारालाही कळवावं लागतं. कलम ८१ वाचा. तुमच्या तालुक्यातल्या इमारतींची यादी इथे टाका, तक्रारीचा मसुदा मी करतो. कोल्हापूरच्या बाजूच्याही चालतील.