वाक्प्रचाराचं चित्र एआयकडून कसं काढून घ्यायचं?

सहावीच्या मुलांसाठी वाक्प्रचारांची चित्रकार्डं करतेय. 'डोळ्यात तेल घालून पहारा देणे' लिहिलं की दर वेळी ताणून उघडलेला डोळा आणि वरून तेलाची धार. बघूनच अंगावर काटा येतो, अर्थ कुठला कळायला! 'पोटात कावळे ओरडणे'ला पोटावर बसलेले खरेच कावळे आले. 'पाचावर धारण बसणे'ला नुसता पाचाचा आकडा. इंग्रजीत शब्दशः लिहून पाहिलं, तरी तेच. याला अर्थ कळतच नाही, की माझं सांगणं चुकतंय?

उत्तर १
ताई, चित्रं काढणारी ही एआय मॉडेल्स चित्र आणि त्याखालची ओळ अशा जोड्यांवर शिकतात. २०२२ मध्ये आलेल्या स्टेबल डिफ्यूजन या अशाच मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत मजकूर वाचायचं काम क्लिप नावाच्या, चित्र आणि ओळ जुळवणाऱ्या दुसऱ्या मॉडेलकडे होतं, आणि क्लिप अशा ४० कोटी जोड्यांवर शिकलेलं. फोटोखाली लोक जे दिसतं तेच लिहितात. रखवालदाराच्या फोटोखाली 'रखवालदार' असतं, 'डोळ्यात तेल' कोण लिहिणार? त्यात ओळी बहुतेक इंग्रजी, म्हणजे मराठी आणखीच परकी.

उत्तर २
२०२३ मध्ये आलेल्या दाल-ई ३ या चित्रं काढणाऱ्या मॉडेलमध्ये चॅटजीपीटी आधी तुमची ओळ उलगडून मोठं वर्णन लिहायचं, मग चित्र निघायचं. तिथे फरक जाणवायचा. २०२३ मध्ये संशोधकांनी रूपकांवर हेच केलं होतं: भाषेच्या मॉडेलकडून आधी दृश्याचं वर्णन, मग ते आधीच्या आवृत्तीला, दाल-ई २ ला. चित्रं व्यावसायिक चित्रकारांकडून तपासून घेतली, आणि वर्णनावरून काढलेली सरस ठरली.
तुम्हीही वाक्प्रचार गाळा, प्रसंग लिहा. आणि 'तेल नको' असं मुळीच लिहू नका. बऱ्याचदा तो 'नको' हरवतो आणि तेल तेवढं येतं.

प्रश्नकर्ती
करून पाहिलं. 'मध्यरात्र, गोदामाच्या दारात ताठ बसलेली म्हातारी, हातात कंदील, नजर अंधारात रोखलेली.' अगदी हवं तसं आलं! तिच्या कपाळावरच्या आठ्यांतही जागरण दिसतंय. कावळ्यांचं चित्र मात्र ठेवणार आहे. आधी ते दाखवीन, मग भुकेनं कासावीस झालेल्या मुलाचं, आणि मुलांनाच विचारीन की कावळे गेले कुठे.
आता 'कानाडोळा करणे' अडलंय. बघूनही न बघितल्यासारखं करणं एका चेहऱ्यावर कसं आणू?

उत्तर १
एका चेहऱ्यावर नाही येणार. दोन माणसं घ्या: एकाच्या हातातली पुस्तकं जमिनीवर विखुरलेली, दुसरा अगदी शेजारून मान वळवून चाललेला. बुबुळं मात्र पुस्तकांकडे, हे वेगळं लिहा.